स्त्रीवेश आणि सहजीवन : नव्या अभ्यासकासाठी प्रस्तावना

नागपुरातल्या सीताबर्डीच्या मेन रोडवर साडी विकत घेणारा पुरुष दिसला तर कुणी मान वळवून पाहत नाही. भाऊबीज असते, आईची साठी असते, बायकोचा वाढदिवस असतो. दुकानातला माणूस रंग विचारतो, बजेट विचारतो, फॉल-पिको करून द्यायचा का तेवढे विचारतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. या गिऱ्हाइकांत कधीमधी एखादा असा असतो की त्याने ती साडी स्वतःसाठी घेतलेली असते. घरी कुणी नसेल त्या दुपारी तो ती नेसतो, कपाळाला टिकली लावतो, आरशासमोर थोडा वेळ बसतो आणि दाराशी चाहूल लागायच्या आत सारे काढून, घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवून देतो. बाहेर तो बँकेत कारकून असतो, शाळेत मास्तर असतो, कुणाचा तरी नवरा किंवा होणारा नवरा असतो. त्याचे बायकोवर मनापासून प्रेम असते. तिला तो सगळे सांगतो, एवढे एक सोडून.

या माणसाचे, त्याच्या प्रेमाचे आणि त्या घरातल्या स्त्रीचे पुढे काय होते, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे. त्याची वाट नाट्येतिहासातून, संतवाङ्मयातून, लोककलेतून, कायद्यातून आणि मानसशास्त्रातून जाते. म्हणून कोणत्याही एका विद्याशाखेने त्याला आपले मानले नाही. नव्या अभ्यासकाने यात यावे, न बिचकता यावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर केली पाहिजे. घरात गुपचूप साडी नेसणारा पुरुष म्हटला की ऐकणारा त्याला लगेच तृतीयपंथी किंवा समलिंगी ठरवतो. हिजडा समाजाला आपली गुरू-चेल्यांची घराणी आहेत, रीत आहे. तो एक सामाजिक समूह आहे. पारलिंगी स्त्रीची ओळखच स्त्रीची असते. साडी तिला वेषांतर वाटत नाही. समलिंगी पुरुषाच्या आकर्षणाचा त्याच्या कपड्यांशी काही नेमका संबंध नसतो. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो पुरुष यांपैकी कुणी असेलच असे नाही. बर्लिनमधला लैंगिकतेचा अभ्यासक माग्नुस हिर्शफेल्ड याने 1910 साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा सतरा जणांच्या कहाण्या तपासल्या. त्यांतले बहुतेक पुरुष स्त्रियांवरच प्रेम करणारे निघाले, कित्येक संसारी होते. वेशाची ओढ आणि शरीराची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने त्या काळी सांगितले. तरीही या भिंती पक्क्या नसतात. केवळ साडीची हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट एखाद्याला पुढे स्वतःच्या स्त्रीत्वाच्या जाणिवेपर्यंत नेते, एखाद्याच्या बाबतीत ती आयुष्यभर हौसच राहते. अभ्यासकाने त्या माणसाच्या आधी निष्कर्षाला पोहोचू नये.

मराठी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट फार जवळची आहे, कारण साडीतल्या पुरुषावर आपल्याइतके उघड प्रेम फार थोड्या समाजांनी केले असेल. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढची तीन दशके शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या नायिका महाराष्ट्राने त्यांच्या देहात पाहिल्या. त्यांच्या साड्यांची, नेसण्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. त्यांच्याआधी भाऊराव कोल्हटकर होते. बरोबरीने आणि नंतर केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, विष्णुपंत पागनीस होते. पागनीसांनी पुढे 1936 च्या चित्रपटात तुकाराम उभा केला आणि स्त्रीपार्टी नट हात जोडायला लावणारा संत झाला. प्रेक्षकांना यात विसंगती वाटली नाही. मीरा कोसंबी यांनी मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांवरच्या 2015 च्या ग्रंथात आणि कॅथरिन हॅन्सन यांनी पारशी, गुजराती व मराठी रंगभूमीवरच्या लेखनात हा काळ बारकाईने तपासला आहे. नव्या अभ्यासकाने तिथून सुरुवात करावी. हॅन्सन यांच्यामुळे गुजराती नट जयशंकर ‘सुंदरी’ यांचे आत्मकथनही इंग्रजीत आले. पहिल्यांदा चोळी अंगावर चढवताना आपल्यातून एक तरुणी आकार घेते आहे असे वाटल्याची त्यांची आठवण आहे. रंगभूमीच्या पोटात मनाचे किती काय घडत होते हे त्यातून कळते.

पण या नाट्येतिहासात एक जागा जवळपास रिकामी आहे. 12 मार्च 1911 रोजी ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले. ही हकिगत कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. त्या रात्री घरी असलेल्या लक्ष्मीबाईंच्या, त्या मुलीच्या आईच्या, बाजूने ती क्वचितच सांगितली जाते. ज्या नवऱ्याच्या साडीवर सारा महाराष्ट्र भाळला होता त्याच्याबरोबर संसार करणाऱ्या बाईला त्या साडीविषयी काय वाटत होते, हे कुणी विचारले नाही. स्त्रीपार्टी नटांच्या बायका आपल्या इतिहासात जन्मतारीख, मृत्यूतारीख आणि मुलांची संख्या एवढ्यापुरत्याच येतात. माझ्या मते या अभ्यासक्षेत्राचे पहिले काम तिथेच आहे.

विदर्भातला अभ्यासक असेल तर त्याला दुसरे उदाहरण घराजवळच मिळेल, आणि ते बालगंधर्वांहून अधिक खोल आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज 1881 साली जन्मले. तान्हेपणीच दृष्टी गेली. उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. मधुराद्वैत हे त्यांचे दर्शन. ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी या नात्याने ते स्वतःकडे पाहत, आणि हा भाव त्यांनी मनात दडवला नाही. मंगळसूत्र, कुंकू ही सौभाग्यचिन्हे ते अंगावर धारण करीत. लहान वयातच मनकर्णिकाबाईंशी त्यांचे लग्न झालेले होते. एकाच घरात एक स्त्री आपल्या नवऱ्याच्या नावाने कुंकू लावते आहे आणि तो नवरा श्रीकृष्णाच्या नावाने. नामदेव-एकनाथांच्या गौळणी, ज्ञानेश्वरांच्या विराण्या आपण स्त्रीच्या तोंडच्या म्हणून सहज म्हणतो. पुरुष संताने स्त्रीभावाने बोलणे ही वारकऱ्याची रोजची भाषा आहे. गुलाबराव महाराजांनी ती भाषा शरीरावर आणली. विदर्भातल्या शेतकरी समाजाने त्यांना वेडे ठरवून बाजूला सारले नाही, प्रज्ञाचक्षू म्हणून पूजले.

या दोन उदाहरणांना आजच्या घरगुती गुपिताच्या पंक्तीला बसवण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. बालगंधर्वांचा वेश हा पेशा होता, गुलाबराव महाराजांचा वेश ही भक्ती होती. त्यांना आजची एखादी संज्ञा चिकटवणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि आपल्या विषयावरही. तुलनेचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. दोघांच्या बाबतीत साडी किंवा सौभाग्यलेणे सर्वांसमोर होते. बायकोला ते माहीत होते, गावाला माहीत होते, आणि गावाने त्याला एक अर्थ दिलेला होता. पेटीच्या तळाशी साडी ठेवणाऱ्या बर्डीवरच्या माणसाकडे नाही नाटक कंपनी, नाही संप्रदाय. त्याच्या साडीला अर्थ देणारे कुणी नाही. तो अर्थ त्याला आणि त्याच्या जोडीदारणीला दोघांच्या बळावर शोधावा लागतो, आणि तोही बहुधा भांडणाच्या मध्यभागी.

पूर्व विदर्भाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, लोककलेत आणखी एक वाट आहे. खडी गंमत डफ-तुणतुण्यावर उभी राहते आणि तिच्यातली बाई पुरुषच असतो. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. तिथेही लुगडे नेसून नाचणारा गावातलाच कुणी शेतकरी, कुणी मजूर असतो. सकाळी तो धानाच्या बांधीत असतो. त्याचे लग्न झालेले असते, पोरेबाळे असतात. या कलावंतांच्या घरी काय बोलले जाते, हे ऐकायला झाडीपट्टीत जाऊन बसणारा अभ्यासक मला हवा आहे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा, 2010 च्या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचला. तमाशाच्या वेडापायी पिळदार अंगाचा हा पैलवान गडी नाच्या होतो आणि मग बाप, बायको, गाव सगळे हातचे सुटत जाते. गुणाला बाई व्हायचे नव्हते, त्याला कला हवी होती. तरी त्याची पुरुष म्हणून असलेली पत एका रात्रीत गेली. त्या कादंबरीचा धडा आपल्या विषयाला थेट लागू पडतो. साडी नेसण्यामागचे कारण काहीही असो, नवऱ्याची पत गेली की बायकोचीही जाते, आणि ती घालवण्याआधी तिला कुणी विचारत नाही.

ही पत कशी ठरते ते पाहायचे तर मोर्चे पाहावेत. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला साडी-चोळी आणि बांगड्यांचा आहेर देणे हे महाराष्ट्रातले नेहमीचे आंदोलन आहे. सर्व पक्षांनी ते केले आहे आणि अनेकदा त्यांच्या महिला आघाड्यांनीच केले आहे. ज्या समाजाने भामिनीच्या शालूवर जीव ओवाळला त्याच समाजात साडी ही पुरुषाची विटंबना करण्याची वस्तू आहे. मुलीने भावाचा शर्ट घातला तर घराला कौतुक वाटते. मुलाने बहिणीची ओढणी घेतली तर पाचव्या-सहाव्या वर्षानंतर त्याला मार बसतो. यात अपमान खरे तर बाईचा आहे, तिच्या वस्त्राला खालची पायरी दिलेली आहे, आणि म्हणूनच हा विषय स्त्री-अभ्यासाच्या कक्षेत येतो. पुरुषांच्या एका खासगी हौसेचा विषय म्हणून तो वेगळा काढला तर त्याचा कणाच निघून जाईल.

हास्याने या ताणाला एक पळवाट दिली. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’, 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’, दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांतल्या बायका: साडीतला पुरुष हसवत असेपर्यंत कुटुंब एकत्र बसून त्याला पाहते. या कलाकृतींवर मी राग धरत नाही. त्यांतला अभिनय उत्तम आहे. पण त्यांच्या गोष्टींत पुरुष साडी नाइलाजाने नेसतो आणि शेवटी सुटकेचा श्वास टाकून ती सोडतो. ज्याला ती सोडायची नाही त्याची गोष्ट सतीश आळेकरांनी 1979 साली ‘बेगम बर्वे’त लिहिली. संगीत नाटकांच्या काळात बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेले, आता उदबत्त्या विकून जगणारे बर्वे, एका कारकुनाच्या स्वप्नात शिरून त्याची बायको होतात, संसार मांडतात, बाळाची वाट पाहतात. ते स्वप्न शेवटी क्रूरपणे मोडले जाते. या नाटकाकडे बहुधा मराठी मध्यमवर्गाच्या गतकातरतेवरचे भाष्य म्हणून पाहिले जाते, आणि तो अर्थ त्यात आहेच. पण साडी नेसणाऱ्या पुरुषाला टाळीपेक्षा घर हवे असते, ही गोष्ट मराठीत इतक्या कळवळ्याने मांडणारे दुसरे नाटक मला ठाऊक नाही.

आता घराकडे येऊ. समजा, बर्डीजवळ खोली करून राहणारा एक तरुण आहे आणि त्याचे एका मुलीशी जुळले आहे. दोन्ही घरांनी होकार दिला, साक्षगंध झाले, लग्नाची तारीख निघाली. एके दिवशी ती त्याच्या खोलीवर येते आणि तिला पेटीत एक साडी, परकर, तिच्या मापाचा नसलेला ब्लाऊज सापडतो. तिच्या मनात पहिला विचार येतो तो दुसऱ्या बाईचा. हा प्रसंग काल्पनिक आहे, पण जगभरच्या कथनांत तो पुन्हापुन्हा भेटतो. ती विचारते, “हे कोणाचं आहे?” तो गप्प बसतो, मग म्हणतो, “माझं.” हे उत्तर ऐकून दुसरी बाई नसल्याचा आनंद तिला होत नाही. दुसऱ्या बाईशी भांडता आले असते. इथे तिला कुणाशी भांडायचे तेच कळत नाही.

तिचे पुढचे प्रश्न अभ्यासकाने क्रमाने ऐकावेत, कारण त्या क्रमात सगळा विषय आहे. हा समलिंगी आहे का? माझ्यात काही कमी आहे का? लग्नानंतर हे थांबेल का? मुले झाली तर त्यांना काय सांगायचे? सासूला ठाऊक आहे का? आणि मग, बहुधा रात्री उशिरा, तू मला आधी का नाही सांगितलेस? शेवटचा प्रश्न सर्वांत जड आहे. तरुण मनापासून सांगतो की तू सोडून जाशील अशी भीती वाटली, म्हणून सांगितले नाही. ती म्हणते, म्हणजे मी जाईन की राहीन हे तूच ठरवलेस. याला त्याच्याकडे उत्तर नाही. प्रेम म्हणून त्याने जे लपवले त्यानेच तिचा निवड करण्याचा हक्क घेतला. माझे मत मी इथे स्पष्ट नोंदवतो: अशा नात्याची कसोटी साडी पाहत नाही, लपवणे पाहते. साडीशी जुळवून घेणाऱ्या स्त्रिया आहेत. वर्षानुवर्षांच्या लपवणुकीशी जुळवून घेणे त्यांना अधिक कठीण जाते. तरीही सगळा दोष त्या तरुणाच्या माथी मारता येत नाही. ज्या गावात साडी-चोळीचा आहेर देऊन माणसाची अब्रू काढतात, तिथे तो कोणत्या शब्दांत आणि कुणासमोर बोलणार होता?

तिने राहायचे ठरवले तर पुढचे सारे तपशिलाचे आहे, आणि तपशीलच नाते तारतो किंवा बुडवतो. घरात, बंद दाराआड, ठरलेल्या वेळी. तिच्या साड्यांना हात न लावता. लग्नातल्या शालूला तर नाहीच. कुणी यापुढे जाऊन स्वतः निऱ्या घालायला शिकवते, कुणाला ते पाहणेही नको असते आणि ती त्या वेळी मैत्रिणीकडे जाते. तिने जायचे ठरवले तर तिला अनुदार, मागासलेली म्हणणाऱ्याला या क्षेत्रात जागा नसावी. स्वीकार ही तिच्यावरची सक्ती झाली, तर एका माणसाच्या मोकळेपणासाठी दुसऱ्याचा गळा दाबल्यासारखे होईल.

बायकोची बाजू जगात कुणी लिहिली आहे का? अमेरिकेत व्हर्जिनिया प्रिन्स यांनी 1967 मध्ये अशा जोडप्यांसाठी पुस्तक लिहिले, पण ते स्त्रीवेश करणाऱ्याच्या बाजूने होते. समजून घेण्याचा भार त्यात बहुतांशी पत्नीवर पडतो. हेलन बॉइड यांचे ‘माय हजबंड बेटी’ हे 2003 चे पुस्तक पत्नीने लिहिले, आणि त्यात प्रेम, चीड, भीती तिन्ही एकत्र आहेत. त्या दोन पुस्तकांच्या मधल्या अंतरात या विषयाची वाढ दिसते. मराठीत आपल्याला अशी लेखिका अजून हवी आहे, पण तिच्यासाठी पायवाट आधीच घातलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा. नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने राहिलेले. बुटी म्हणजे याच सीताबर्डीतले घराणे. टिळकांच्या मनात चाललेली धर्माची उलथापालथ बायकोला पुरती कळली नाही, आणि 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे ती दूर राहिली, मग परतली, आणि नंतर स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या गतीने तिने आपला निर्णय घेतला. तिथे धर्म होता, इथे वेश आहे. पण आपला नवरा आपल्याला ठाऊक होता तो नव्हताच, हा धक्का आणि त्यातून प्रेम शिल्लक ठेवणे, हे मराठीत एका बाईने आधीच लिहून ठेवले आहे, तेही कुणाला खलनायक न करता. आपल्या क्षेत्राला पद्धतीचा ग्रंथ हवा असेल तर तो हाच.

पुरुषांची बाजू ऐकण्याची मराठी परंपराही आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरे दिली. त्या उत्तरांसाठी त्यांच्यावर खटला झाला. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शंका विचारणे हे अश्लील नाही, ज्ञानाने विकृती कमी होईल, अशी त्यांची मांडणी होती. खटला ते हरले. मासिक मात्र कर्वे जाईपर्यंत, 1953 पर्यंत, चालले. नाव झाकून, पण खरा प्रश्न विचारून, तज्ज्ञाकडून शांत उत्तर मिळवणारा वाचक कर्व्यांनी घडवला. त्या मासिकाच्या जुन्या अंकांत आपल्या विषयाच्या अभ्यासकाला पुष्कळ सापडेल.

वैद्यकाविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या दहाव्या सूचीत वेश बदलण्याच्या ओढीची दोन निदाने होती. अकराव्या सूचीत ती काढून टाकली गेली आणि ही सूची जानेवारी 2022 पासून लागू झाली. म्हणजे नवऱ्याला ‘इलाज’ करून आणावे हा सल्ला आज शास्त्राच्या आधाराने देता येत नाही. जोडप्याला समुपदेशन हवे असेल तर ते दोघांना आणि बोलण्यासाठी हवे.

कायद्याचे जास्त गुंतागुंतीचे आहे. घरात पुरुषाने साडी नेसणे हा भारतात गुन्हा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात मात्र ‘खोजे’ म्हणून नोंदवलेल्या पुरुषाने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश करणे दंडनीय होते. उत्तर हिंदुस्थानात त्याची अंमलबजावणीही झाली. तो वसाहतकालीन संशय कायद्यातून गेला, पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेत उरला. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा निकालात वेशभूषेतून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. दुसरीकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे, लग्नाची संमती जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवली असेल तर फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. एक कायदा त्या पुरुषाच्या अभिव्यक्तीचे रक्षण करतो, दुसरा त्या स्त्रीच्या संमतीचे. दोन्ही हक्क खरे आहेत, आणि एकाच घरात राहतात. विधीच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रबंधविषय मिळणे कठीण.

आता सीताबर्डीविषयी, कारण मी हे ठिकाण सोयीसाठी निवडलेले नाही. मुंबई-पुण्यात लैंगिक अल्पसंख्याकांच्या संस्था, मदतगट, मासिके लवकर आली. ‘बॉम्बे दोस्त’ 1990 मध्ये निघाले, हमसफर ट्रस्ट 1994 मध्ये, पुण्यातला समपथिक ट्रस्ट 2002 मध्ये. नागपुरात सारथी ट्रस्टने काम उभे केले आणि 2016 मध्ये शहरात पहिली अभिमान यात्रा निघाली. 2018 मध्ये नागपूरच्याच पारलिंगी कार्यकर्त्या विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. हे सगळे मोठे आहे. पण यात्रेत चालणाऱ्याने आपली ओळख उघड केलेली असते, आणि आपला संसारी माणूस त्या यात्रेच्या दिवशी फूटपाथवर उभा राहून पाहत असतो. बर्डीवर दर दहा पावलांवर कुणी ओळखीचे भेटते. साडीच्या दुकानापासून मॅचिंग सेंटरपर्यंत जाताना मामाचा मेहुणा, ऑफिसातला सहकारी, शाळेतली बाई भेटते. महानगरात माणूस गर्दीत लपतो, मध्यम शहरात गर्दीच त्याला ओळखते. म्हणून इथले गुपित अधिक खोल, इथला संशोधक अधिक जबाबदार. 1923 मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची वास्तू झाशी राणी चौकात आहे, धनवटे रंगमंदिराची परंपरा आहे. नाटक, पुस्तक आणि साडी यांचे बाजार इथे एकमेकांच्या हाकेवर आहेत. या विषयाचे तिन्ही धागे हाती धरायला याहून योग्य जागा विदर्भात नाही.

काही नियम मात्र पाळावेच लागतील. मुलाखत देणाऱ्याचे नाव, गल्ली, नोकरी, मुलांची संख्या, यांतले काहीही असे लिहू नये की शेजाऱ्याला ओळखता यावे. नवऱ्याची मुलाखत घेतली म्हणून बायकोला आपोआप सांगितले असे समजू नये. तिला सांगणे हे त्याचे काम आहे, संशोधकाचे नव्हे. आणि बायको बोलायला तयार असेल तर तिला वेगळे, तिच्या वेळेने भेटावे. नवऱ्यासमोर ती समजूतदार बायको होऊन बोलेल, एकटी असेल तेव्हा स्वतःचे बोलेल. आजवरच्या लेखनात पुरुषाचा आरसा पुष्कळ आला आहे. दाराबाहेर थांबलेल्या स्त्रीचे ऐकणारा अभ्यासक दुर्मीळ आहे. तो तुम्ही व्हा.

शेवटी वाचकांना, अभ्यासक नसलेल्यांनाही, एक विनंती. जुन्या नाटकमंडळ्यांत, खडी गंमतीत, दंडारीत काम केलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रे, हिशेबाच्या वह्या, साडीतले फोटो अनेक घरांत अजून पेट्यांत पडून असतील. लाज वाटून ते जाळू नका, आणि ते सापडले तर त्या माणसाच्या बायकोने मागे काय ठेवले आहे तेही शोधा: एखादे पत्र, ओव्यांची वही, माहेरी लिहिलेले कार्ड. नावे झाकून त्यांच्या प्रती जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागात जमा करा.